ग्राफिक्स कार्ड ६० वॅटच्या वर जातच नाही, काय करावं?

निशाचर

गेमिंग लॅपटॉप आहे. आरटीएक्स ३०६० (६ जीबी), आठ कोअरचा प्रोसेसर, सोबत आलेला २३० वॅटचा चार्जर. कागदावर कार्डाला ११५ वॅट आणि वर १५ बूस्ट, म्हणजे एकूण १३० लिहिलेत, आणि सुरुवातीची दोनेक वर्षं ते मिळतही होते. हल्ली जड गेम लावला की कार्ड ६० वॅटला चिकटतं ते चिकटतंच. क्लॉक, म्हणजे कार्डाचा वेग, १७००-१८०० मेगाहर्ट्झवरून हजाराच्या आसपास येतो. जिथे सेकंदाला ९० फ्रेम सहज यायच्या तिथे आता ५० मारूनमुटकून.

करून झालेलं: कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये परफॉर्मन्स मोड, विंडोजचा पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स', ड्रायव्हर नवा टाकला, मग जुना टाकला. पंखे बोंबलत असतात आणि कार्ड मात्र ६४ अंशांवर निवांत. हेच जास्त डोक्यात जातं. तापत असतं तर समजलो असतो.

एकूणच मशीनला वय झाल्यासारखं वाटतंय. टचपॅडसुद्धा हल्ली दाबायला जड लागतो. ते असो, आधी वॅटचं बघू. कुणाला असा अनुभव?

घरघर

थर्मल पेस्ट (चिपची उष्णता पंख्यांकडे पोचवणारा लेप) वाळली असणार. दोन-तीन वर्षांत वाळतेच. उघडा, पुसा, नवी लावा, विषय संपला.

चिमटा

रुमाल टाकून ठेवतो. माझंही असंच काहीसं आहे, पण माझ्याकडे ग्राफिक्स कार्डच नाही.

स्क्रू ढिला

@घरघर, कार्ड ६४ अंशांवर आहे असं धाग्यातच लिहिलंय हो. पेस्टचा त्रास असता तर कार्ड ८५-८७ पर्यंत चढलं असतं आणि मग वॅट उतरले असते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी कशाला?

घरघर

कार्ड ६४ वर असेल, प्रोसेसर किती आहे ते कुठे लिहिलंय? बहुतेक लॅपटॉपमध्ये दोघांच्या हीटपाइप सामायिक असतात. प्रोसेसर ९५ ला टेकला की कंट्रोलर कार्डाचेसुद्धा वॅट कापतो. शिवाय कार्ड ६० वॅटच खातंय म्हणून ६४ वर आहे. १३० खाल्ले असते तर कळलं असतं.

स्क्रू ढिला

हे बरोबर. माघार. निशाचर, प्रोसेसरचं तापमान टाका.

निशाचर

प्रोसेसर गेममध्ये ७८ ते ८२. पंख्यांच्या जाळ्या मागच्याच महिन्यात साफ केल्यात.

वॉटएव्हर

अंदाजांची पंगत उठवायच्या आधी कार्डालाच विचारू की अडवतंय कोण. दोन गोष्टी करा.

पहिली, जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, सेन्सरच्या पानावर 'पर्फकॅप रीझन' अशी एक ओळ असते. गेम चालू असताना ती काय म्हणते ते बघा. तिथे 'पॉवर' आलं तर विजेची मर्यादा, 'थर्मल' आलं तर तापमान, 'व्हीरेल' आलं तर व्होल्टेज संपलं, आणि 'युटिल' आलं तर कार्डाला पुरेसं कामच मिळत नाहीये. शेवटच्या प्रकारात कार्ड बिघडलेलं नसतं, प्रोसेसर तरी मागे पडतोय किंवा तुम्हीच फ्रेम बांधून ठेवल्यात. लोक व्हीसिंक (स्क्रीनच्या वेगाला फ्रेम बांधणारी सोय) चालू ठेवतात, ६० फ्रेमवर गेम बांधतात आणि 'वॅट कमी' म्हणून रडतात.

दुसरी, कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एनव्हिडिया-एसएमआय -क्यू -डी पॉवर' ही आज्ञा द्या (अर्थात रोमन लिपीत). त्यात मर्यादांच्या पाच-सहा ओळी येतात. 'मॅक्स' म्हणजे कार्डाच्या व्हीबायोसमध्ये (कार्डातच साठवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) लिहिलेलं छप्पर. 'एन्फोर्स्ड' म्हणजे या क्षणी खरोखर लागू असलेलं. दोन्ही आकडे इथे द्या.

कुंपणावरची

मध्येच एक प्रश्न. मी लॅपटॉप घ्यायच्या विचारात आहे. एकाच ४०६० चे इतके वेगवेगळे वॅट कसे? कार्ड एकच ना?

वॉटएव्हर

चिप एकच, शिधा वेगळा. लॅपटॉपच्या ३०६० ला ६० ते ११५ वॅट अशी मुभा आहे, ३०७० ला ८० ते १२५. ४०५०, ४०६०, ४०७० या तिघांना ३५ ते ११५. त्यावर डायनॅमिक बूस्टचे (प्रोसेसरच्या वाट्यातून गरजेप्रमाणे कार्डाला दिलेले) वेगळे, ४० मालिकेत ते २५ पर्यंत जातात. कुठे बसवायचं ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. पातळ मशीन, छोटे पंखे, छोटा चार्जर, तर आकडा खालचा. पूर्वी अशा कार्डाच्या नावापुढे 'मॅक्स-क्यू' लागायचं, निदान नावावरून कळायचं. २०२१ पासून ३० मालिकेत ती शेपटी गेली. आता तपशिलाच्या पानावर 'टीजीपी', म्हणजे कार्डाच्या वॅटचा आकडा, शोधायचा. दिसलाच नाही तर मी तरी पुढच्या मॉडेलकडे वळतो.

जुनाट

आणि जास्तीत जास्त वॅटच्या मागेही धावू नका. ४०५० आणि ४०६० बहुतेक गेममध्ये १०० वॅटच्या आसपास व्होल्टेजच्या छपराला टेकतात. डब्यावर १४० लिहिलेलं असो, गेममध्ये कार्ड ९५-१०५ च खातं, आणि पर्फकॅपमध्ये 'व्हीरेल' दिसतं. तिथे वरचे ४० वॅट जाहिरातीपुरते. ३०६० चं तसं नाही, ते १३० पर्यंत बऱ्यापैकी खातं.

कुंपणावरची

म्हणजे १०५ वॅटची ४०६० दिसली तर नाक मुरडू नये?

जुनाट

मुळीच नाही. ६० वॅटवाली दिसली तर मुरडा. तीही पातळपणासाठी, बॅटरी टिकण्यासाठी मुद्दाम घेतलीत तर ठीकच. न कळता गळ्यात पडली तर वाईट.

लेकुरवाळी

माझ्या मुलाच्या लॅपटॉपचंही असंच चालू होतं. नंतर कळलं की साहेब टाइप-सीच्या चार्जरवर गेम खेळतायत, कारण मूळ चार्जरची वीट दप्तरात मावत नाही!

शून्यमनस्क

हाहा. हे खूप जण करतात. टाइप-सीवर जुन्या पीडीत (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे टाइप-सीने वीज देण्याचं मानक) १०० वॅटच मिळतात. २०२१ च्या पीडी ३.१ मध्ये २४० पर्यंत वाढवले, पण लॅपटॉप, केबल आणि चार्जर तिघांनाही ते जमायला हवं. बहुतेक गेमिंग लॅपटॉप टाइप-सीने चार्ज होतात, गेम खेळण्यापुरतं पोट भरत नाही. लॅपटॉप तसं सांगतही नाही, गुपचूप कार्डाचे वॅट कापतो. खाली कोपऱ्यात चार्जिंगचं चिन्ह असतं, आपण खूश.

मॉनिटरमधूनच चार्ज करणाऱ्यांनो, तुम्हीपण. एका केबलमध्ये सगळं होतं हे खरं, पण ६५ किंवा ९० वॅटमध्ये.

निशाचर

माझा चार्जर गोल पिनचा, मूळचाच आहे. मॉनिटर एचडीएमआयवर.

@वॉटएव्हर, आकडे आणलेत. पर्फकॅप: पॉवर. सतत, एक क्षणही दुसरं काही नाही. मॅक्स: १३०. एन्फोर्स्ड: ६०.

वॉटएव्हर

झालं मग. कार्ड ठणठणीत आहे. ड्रायव्हरलाही १३० चं छप्पर दिसतंय. वरून कुणीतरी त्याला सांगतंय की ६० च्या पुढे जायचं नाही. लॅपटॉपमध्ये हे सांगणारा म्हणजे मदरबोर्डवरचा एम्बेडेड कंट्रोलर. पंखे, चार्जर, बॅटरी, सगळ्यांचा हिशेब त्याच्याकडे असतो. तो कशामुळे घाबरलाय ते शोधायचं. नेहमीचे संशयित: मोड, चार्जरची ओळख, तापमानाचा एखादा सेन्सर, बॅटरी. यातला मोड तुम्ही बघितलाय.

घरघर

तापमानाचा सेन्सर! मी काय म्हणत होतो!

चिमटा

घरघर यांना कुणीतरी पेस्टची ट्यूब भेट द्या रे. (दिवा घ्या.)

स्क्रू ढिला

मोडबद्दल एक: सॉफ्टवेअरमधलं बटण आणि कीबोर्डवरचं बटण यांचं नेहमी जमतंच असं नाही. लेनोव्होच्या लीजनमध्ये एफएन-क्यू दाबलं की पॉवर बटणाचा दिवा बदलतो: निळा शांत, पांढरा मधला, लाल जोरात. आसुसमध्ये एफएन-एफ५. सॉफ्टवेअर काहीही म्हणो, दिव्यावर विश्वास ठेवा. मोड बदलायला जी-हेल्परसारखं हलकं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी मूळचं सॉफ्टवेअर काढून टाका, नाहीतर दोघं एकमेकांचे मोड पुसत बसतात.

निशाचर

दिवा योग्य रंगाचा आहे. मोड बदलला की पंख्यांचा आवाज बदलतो. मर्यादा मात्र ६० च राहते. शांत मोडमध्येही ६०, जोरातही ६०.

रेंगाळ

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'सॉफ्टवेअर डिव्हाइसेस'खाली 'एनव्हिडिया प्लॅटफॉर्म कंट्रोलर्स अँड फ्रेमवर्क' असं एक प्रकरण असतं. डायनॅमिक बूस्ट तोच सांभाळतो. ते डिसेबल करून रीस्टार्ट केल्यावर अडकलेली मर्यादा सुटल्याचे अनुभव भरपूर वाचायला मिळतात. बूस्टचे १५ जातील, पण ११५ परत आले तर वाईट काय? नाही फरक पडला तर पुन्हा एनेबल करायचं, नुकसान काही नाही.

टक्सप्रेमी

लिनक्सवर याचंच भावंड म्हणजे एनव्हिडिया-पॉवरडी नावाची सेवा. ती चालू नसेल तर बूस्टचे वॅट मिळतच नाहीत. मी

चिमटा

आलेच लिनक्सवाले. धाग्याला आता शांती लाभो.

टक्सप्रेमी

वाक्य तर पूर्ण करू द्या! मी बऱ्याच दिवसांनी ती सेवा चालू केली आणि कार्ड सरळ वर गेलं. विंडोजवाल्यांसाठी एवढंच की 'एनव्हिडिया-एसएमआय -पीएल' देऊन मर्यादा हाताने वाढवायचा मोह होईल. लॅपटॉपवर ती आज्ञा बहुधा 'समर्थन नाही' म्हणून परत येते. डेस्कटॉपचे व्हिडिओ बघून लॅपटॉपवर प्रयोग करू नका.

बेधडक

एवढी चर्चा कशाला? दुसऱ्या लॅपटॉपचा जास्त वॅटचा व्हीबायोस एनव्हीफ्लॅशने (व्हीबायोस बदलायचं सॉफ्टवेअर) टाका. मी ८० वॅटच्या कार्डावर ११५ चा टाकलाय, मस्त चालतंय.

जुनाट

@बेधडक, तुमचं चालतंय त्यात आनंद आहे, पण इथे हा सल्ला म्हणजे हात दाखवून अवलक्षण. यांच्या व्हीबायोसमध्ये छप्पर आधीच १३० आहे. मर्यादा कंट्रोलर घालतोय, व्हीबायोस बदलून काय होणार? आणि ज्यांचं छप्पर खरंच ८० आहे त्यांनीही विचार करा. बोर्डावरचे व्हीआरएम (चिपला योग्य व्होल्टेज देणारे भाग), पंखे, चार्जर सगळं ८० चा हिशेब धरून बसवलेलं असतं. व्हीबायोस चुकला तर स्क्रीन काळी, आणि लॅपटॉपचं कार्ड काढून दुसरं बसवता येत नाही.

बेधडक

प्रोसेसरचं अंगभूत ग्राफिक्स असतं ना, त्यावर स्क्रीन येते, मग जुना व्हीबायोस परत टाकायचा. बॅकअप घेतला की भीती नाही. सगळेच घाबरट झालेत.

जुनाट

अंगभूत ग्राफिक्स नसलेले गेमिंग लॅपटॉपही आहेत. तुमच्याकडे आहे म्हणून तुम्ही वाचलात. असो, यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

पंखापुराण

चार्जरच्या ओळखीबद्दल लिहितो, कारण मी त्यात पोळलोय. माझ्या आधीच्या लॅपटॉपच्या (कंपनीचं नाव घेत नाही) गोल पिनच्या मधोमध आणखी एक बारीक सुईसारखी पिन होती. वीज बाहेरच्या कड्यातून यायची, मधल्या पिनेतून चार्जर फक्त 'मी इतक्या वॅटचा' एवढंच सांगायचा. ती सुई वाकली. लॅपटॉप चालू, दिवा चालू, पण चार्जर कोण ते कळत नाही म्हणून मशीनने प्रोसेसरही आवळला आणि कार्डही. प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झवर! ब्राउझर उघडायलाही घाम. चालू करताना काळ्या स्क्रीनवर एक ओळ झळकायची, मी ती न वाचता एंटर दाबत गेलो.

निशाचर, बायोसमध्ये जाऊन अडॅप्टरची माहिती दिसते का बघा. बऱ्याच मशीनमध्ये वॅट लिहिलेले असतात.

निशाचर

बघितलं. २३० दाखवतो. पिन सरळ, सॉकेटही घट्ट.

@रेंगाळ, ते फ्रेमवर्क डिसेबल करून बघितलं. काही फरक नाही, परत चालू केलं. चार्जर काढून पॉवर बटण अर्धा-पाऊण मिनिट दाबून धरायचा प्रकारही केला, त्याने कंट्रोलर रीसेट होतो म्हणे. त्यानंतर एक गंमत झाली. गेम लावल्यावर पहिली दहा-एक मिनिटं १२० वॅट मिळाले! मग धाडकन ६०. आता रोजच बघतो, रात्रभर चार्जिंगला लावून ठेवलं की सकाळी थोडा वेळ मिळतात.

वॉटएव्हर

थांबा थांबा. ही दहा मिनिटं महत्त्वाची. त्या वेळात बॅटरीचा टक्का काय करतो? चार्जर लावलेला असताना.

निशाचर

कधी बघितलं नव्हतं. आत्ता मुद्दाम लक्ष ठेवलं. चार्जर लावलेला असूनही १०० वरून ९९, ९७, ९४… आणि ९१ ला आल्यावर वॅट पडले. त्यानंतर टक्का हळूहळू परत चढायला लागला. हे असं असतं का?

घरघर

चार्जर मेलाय मग. २३० सांगतोय आणि देत नाहीये.

वॉटएव्हर

शक्य आहे, पण मला दुसरंच वाटतंय. लॅपटॉपमध्ये सरासरी आणि क्षणिक असे दोन हिशेब असतात. सरासरीने कार्ड १३०, प्रोसेसर ५०-६०, स्क्रीन, पंखे, एसएसडी धरून तुम्ही २३० च्या आत बसता. पण कार्ड आणि प्रोसेसर एकाच क्षणी उसळले की काही मिलिसेकंदांसाठी मागणी त्याच्याही वर जाते. ती उसळी बॅटरीतून भागवली जाते. म्हणून गेम खेळताना चार्जर लावूनही टक्का थोडा उतरतो. एक-दोन टक्के उतरणं बऱ्याच मशीनमध्ये दिसतं, त्यात काळजी नाही. नऊ टक्के दहा मिनिटांत म्हणजे बॅटरीत जीवच उरलेला नाही. तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही असं कंट्रोलरला कळलं की तो कार्डाला आवळतो, म्हणजे उसळीच येऊ नये.

'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' द्या. एक पान तयार होतं. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता दोन्ही असतात.

शून्यमनस्क

हे पटतं. काही मशीनमध्ये बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवलं तरी कार्ड असंच आवळतं. लोक बॅटरी 'वाचवायला' काढून ठेवतात आणि निम्म्या वॅटवर खेळतात.

जुनाट

अहो, एक मिनिट. धाग्यात पहिल्याच प्रतिसादाच्या आधी यांनी लिहिलंय, टचपॅड दाबायला जड लागतो. बॅटरी बहुतेक लॅपटॉपमध्ये टचपॅड आणि मनगट टेकतो त्या भागाखालीच असते!

निशाचर, लॅपटॉप बंद करा आणि सपाट टेबलावर ठेवा. चारही पाय टेकतात का? टचपॅडची एक कड वर आलीये का? आडवी पट्टी ठेवून बघा.

निशाचर

पट्टी डुगडुगते. टचपॅडचा मधला भाग वर आलाय, उजवीकडच्या कडेत नख जातंय. आणि रिपोर्टमध्ये: मूळ ८० वॅट-तास, आता २७.

जुनाट

चार्जर काढा, वापर थांबवा. हे आता फ्रेमचं प्रकरण राहिलेलं नाही. फुगलेल्या लिथियम पॉलिमर बॅटरीत आत वायू साठलेला असतो. दाबायची नाही, टोचायची नाही, झाकण जबरदस्तीने बसवायचं नाही. स्वतः उघडायचा सराव नसेल तर सर्व्हिसला द्या. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

लेकुरवाळी

बाप रे. आत्ताच मुलाचा लॅपटॉप उलटा करून बघितला. सपाट आहे. हुश्श.

चिमटा

मीपण बघितला. माझा तर मुळातच वाकडा आहे.

घरघर

बॅटरी काढायला उघडणारच आहात तर पेस्टपण बदलून घ्या.

स्क्रू ढिला

😂 यावेळी मात्र +१. उघडणारच असाल तर फेज-चेंज पॅड लावा, पीटीएम ७९५० सारखा. ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन नीट पसरतो आणि पेस्टसारखा चिपवरून बाहेर सरकत जात नाही. लॅपटॉपच्या उघड्या चिपवर साध्या पेस्टपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. लिक्विड मेटलच्या नादी लागू नका, तो विजेचा वाहक आहे, शेजारी ओघळला तर बोर्ड गेला.

रेंगाळ

बॅटरी येईपर्यंत वाट बघणाऱ्यांसाठी, किंवा ज्यांच्या कार्डाला कमी वॅटच नशिबी आहेत त्यांच्यासाठी: अंडरव्होल्ट, म्हणजे त्याच वेगाला कार्डाचं व्होल्टेज कमी करणं. (निशाचर, तुम्ही नाही, तुम्ही बंद ठेवा.) आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-एफ दाबलं की व्होल्टेज आणि क्लॉकचा वक्र उघडतो. ३०६० साठी मी ८५० मिलिव्होल्टचा ठिपका १७०० च्या आसपास उचलतो आणि त्याच्या उजवीकडचं सगळं सपाट करतो. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे थोडं व्होल्टेज उतरवलं तरी बराच वॅट सुटतो. मर्यादा तीच राहिली तरी तेवढ्याच वॅटमध्ये क्लॉक वर जातो. प्रत्येक चिपची ताकद वेगळी, माझा आकडा जसाच्या तसा उचलू नका. गेम बंद पडला की २०-३० मेगाहर्ट्झ खाली या.

कुंपणावरची

याने वॉरंटी जाते का?

रेंगाळ

अंडरव्होल्ट हे सॉफ्टवेअरमधलं, रीसेट केलं की मूळ पदावर. बेधडक यांचा मार्ग वेगळा. :)

निशाचर

अपडेट द्यायला आलोय. सर्व्हिसवाल्यांनी बॅटरी काढून दाखवली. तीन कप्प्यांपैकी मधला उशीसारखा फुगला होता, कडेचे दोन सपाट. त्याने टचपॅडच्या खालची पट्टी वर ढकलली होती. नवी बॅटरी बसवली, पेस्टपण बदलली (घरघर, खूश?). टचपॅड पहिल्यासारखा टिकटिक वाजतोय.

एन्फोर्स्ड: १३०. गेममध्ये ११८ ते १२७ वॅट, क्लॉक १७५० च्या आसपास, कार्ड ७६ अंश. टक्का १०० वरून ९९ वर जातो आणि तिथेच राहतो. फ्रेम परत ९० च्या घरात.

सगळ्यांचे आभार. वॉटएव्हर आणि जुनाट यांचे विशेष.

घरघर

७६ अंश पेस्टमुळे.

चिमटा

🙏

सावळागोंधळ

उशिरा आलो. माझी ४०५०, एन्फोर्स्ड ७५ आणि मॅक्सपण ७५. बॅटरी नवीकोरी. काही करता येईल?

वॉटएव्हर

नाही. तुमचं छप्परच ७५ आहे, लॅपटॉप तसाच बनवलाय, बिघाड काहीच नाही. रेंगाळ यांचा अंडरव्होल्टचा प्रतिसाद वाचा, तुमच्यासारख्यांनाच त्याचा सगळ्यात जास्त फायदा. लॅपटॉपमध्ये एमयूएक्स स्विच असेल तर स्क्रीन थेट ग्राफिक्स कार्डावर घ्या. फ्रेम प्रोसेसरच्या ग्राफिक्समधून फिरून जायच्या वाचतात, विशेषतः जिथे फ्रेम भरपूर येतात अशा गेममध्ये फरक दिसतो. आणि रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी लावा. पुष्कळदा लोक कार्डाला शिव्या घालतात आणि एका पट्टीमुळे प्रोसेसर तहानलेला असतो.

सावळागोंधळ

एकच पट्टी आहे! बघतो.

निशाचर

एक शेवटचं विचारायचं राहिलं. लॅपटॉप कायम चार्जरवर असतो. नवी बॅटरी टिकावी म्हणून कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे. ती लावली तर पुन्हा वॅट कापले जातील का?

जुनाट

८० टक्क्यांची बॅटरी उसळीला पुरून उरते. लावा बिनधास्त. कायम १०० वर आणि वर गेमिंगची उष्णता, याच जोडीने तुमची आधीची बॅटरी लवकर म्हातारी झाली असणार. खात्री हवी तर ८० वर ठेवून एकदा एन्फोर्स्डचा आकडा बघा.

निशाचर

बघितला. १३०.